कारण खोटे ठरले तर युद्ध थांबेल का?

(स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. पुढे महाराष्ट्रात ठिकठिकाणी अशा व्याख्यानमाला उभ्या राहिल्या. संध्याकाळची कामे आटोपून माणसे येतात, वक्त्याचे म्हणणे ऐकतात, मनातल्या मनात त्याच्याशी भांडतात आणि स्वतःचे मत घेऊन घरी जातात. या साऱ्या खटाटोपामागे एक श्रद्धा आहे. राज्यकारभाराचे प्रश्न सामान्य माणसाला समजू शकतात आणि त्यावर मत बनवणे हा त्याचा अधिकार आहे, ही ती श्रद्धा. शेतमालाचे भाव, शिक्षण, धरणे, आरक्षण या प्रश्नांवर ती आपण सहज चालवतो. युद्धाचा प्रश्न आला की मात्र आपल्याला सांगितले जाते, ‘हा विषय तुमचा नाही. आतली माहिती आमच्याकडे आहे. तुम्ही विश्वास ठेवा.’

ही मागणी नागरिकाने मान्य करावी का, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. चर्चा हवेत राहू नये म्हणून मी एक उदाहरण घेतो : २००३ चे इराक युद्ध, आणि त्यातही मुख्यतः ब्रिटन. या युद्धासंबंधीचे मंत्रिमंडळाचे, गुप्तचरांचे आणि कायदेशीर सल्लागारांचे हजारो कागद पुढे चौकशीसाठी उघडले गेले. सर जॉन चिलकॉट यांच्या समितीचा अहवाल ६ जुलै २०१६ रोजी प्रसिद्ध झाला. तो १२ खंडांचा आहे आणि त्याची शब्दसंख्या सुमारे २६ लाख आहे. सरकारने लोकांना काय सांगितले आणि त्याच वेळी सरकारच्या टेबलावर काय होते, हे शेजारी शेजारी ठेवून पाहण्याची अशी संधी फार क्वचित मिळते.

माझे म्हणणे आधीच सांगतो. युद्धाचे सांगितलेले कारण खरे आहे की नाही, हे ओळखण्याची एक कसोटी नागरिकाच्या हातात असते आणि तिच्यासाठी गुप्त माहितीची गरज नसते. ती कसोटी म्हणजे सरकारला विचारायचा एक प्रश्न : हे कारण नाहीसे झाले, तर युद्ध थांबेल का?

सांगितलेले कारण

२४ सप्टेंबर २००२ रोजी ब्रिटिश पार्लमेंटचे अधिवेशन मुद्दाम बोलावण्यात आले. त्याच दिवशी सरकारने इराकच्या शस्त्रास्त्रांविषयी एक पुस्तिका प्रसिद्ध केली. तिला पंतप्रधान टोनी ब्लेअर यांची प्रस्तावना होती. सद्दाम हुसेनकडे रासायनिक आणि जैविक अस्त्रे आहेत, तो अण्वस्त्रांच्या मागे आहे, आफ्रिकेतून युरेनियम मिळवण्याची खटपट त्याने केली आहे, आणि यातील काही अस्त्रे हुकूम सुटल्यापासून ४५ मिनिटांत वापरता येतील, असे तीत म्हटले होते. ४५ मिनिटांचे हे विधान प्रस्तावना धरून चार ठिकाणी आले होते.

ही भीती निराधार होती असे मी म्हणणार नाही. १६ मार्च १९८८ रोजी सद्दामच्या विमानांनी हलाब्जा या कुर्दी गावावर विषारी वायू सोडला आणि सुमारे ५,००० माणसे मारली. १९९१ च्या आखाती युद्धानंतर संयुक्त राष्ट्रांच्या निरीक्षकांनी इराकमध्ये खरोखरच अस्त्रांचे साठे शोधून नष्ट केले होते. १९९८ मध्ये ते निरीक्षक बाहेर पडले आणि पुढची चार वर्षे आत काय चालले आहे हे बाहेरच्यांना नीट कळत नव्हते. युद्धाला विरोध करणाऱ्या देशांच्या गुप्तचर खात्यांनाही इराकविषयी संशय होता. निरीक्षकांचे प्रमुख हान्स ब्लिक्स यांनाही तो होता. तेव्हा ज्यांनी विश्वास ठेवला ते मूर्ख होते आणि ज्यांनी शंका घेतली त्यांना दिव्यदृष्टी होती, अशी मांडणी करून आपण काही शिकणार नाही.

संशय होता, हे खरे. लोकांसमोर मात्र तो खात्री म्हणून ठेवला गेला. ४५ मिनिटांची माहिती रणभूमीवर वापरायच्या, तोफगोळ्यांसारख्या अस्त्रांविषयी होती. दूरवर मारा करणाऱ्या क्षेपणास्त्रांशी तिचा संबंध नव्हता. पुस्तिकेत हा खुलासा नव्हता. दुसऱ्या दिवशी काही वृत्तपत्रांनी सायप्रसमधील ब्रिटिश तळांवर ४५ मिनिटांत हल्ला होऊ शकतो अशा अर्थाचे मथळे दिले आणि सरकारने ती समजूत दुरुस्त केली नाही. ज्या साखळीतून ही माहिती आली, तिच्याविषयीच पुढे शंका निर्माण झाली. या गुप्त माहितीची चौकशी करणाऱ्या लॉर्ड बटलर यांच्या समितीने जुलै २००४ मध्ये स्पष्ट म्हटले की ते विधान कशासंबंधी आहे हे न सांगता पुस्तिकेत घालायला नको होते.

अमेरिकेतही हेच झाले. ५ फेब्रुवारी २००३ रोजी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी सुरक्षा परिषदेत इराकच्या फिरत्या जैविक प्रयोगशाळांचे वर्णन केले. त्या वर्णनाचा मुख्य आधार जर्मनीत आश्रय घेतलेला एक इराकी होता. गुप्तचरांनी त्याला ‘कर्व्हबॉल’ असे सांकेतिक नाव दिले होते. त्याच्या विश्वासार्हतेविषयी शंका आधीच व्यक्त झाल्या होत्या. २०११ मध्ये त्याने स्वतःच कबूल केले की ती हकिकत बनावट होती. सुरक्षा परिषदेत ती ऐकणाऱ्या जगाला मात्र या शंकांचा पत्ता नव्हता. गुप्तचरांच्या मूळ टिपणात ‘बहुधा’, ‘एका सूत्रानुसार’, ‘खातरजमा झालेली नाही’ असे शब्द असतात. कागद वरच्या टेबलाकडे सरकतो तसे ते शब्द गळतात आणि लोकांपर्यंत पोचते ते ठाम विधान. चिलकॉट समितीने शेवटी हेच म्हटले : धोक्याविषयीचे निष्कर्ष जितक्या खात्रीने मांडले गेले, तितक्या खात्रीला आधार नव्हता.

कसोटीचा क्षण

८ नोव्हेंबर २००२ रोजी सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक १४४१ एकमताने मंजूर केला. इराकला निःशस्त्रीकरणाची अखेरची संधी मिळाली. २७ नोव्हेंबरपासून निरीक्षकांचे काम पुन्हा सुरू झाले आणि पुढच्या साडेतीन महिन्यांत त्यांनी सातशेहून अधिक तपासण्या केल्या.

२५ फेब्रुवारी २००३ रोजी ब्लेअर यांनी पार्लमेंटमध्ये सांगितले की सद्दामच्या राजवटीचा मला तिटकारा आहे, पण संयुक्त राष्ट्रांची मागणी पुरी करून तो अजूनही आपली राजवट वाचवू शकतो. श्रोतेहो, हे विधान फार महत्त्वाचे आहे. मी जी कसोटी म्हणतो ती इथे सरकारने स्वतःच स्वीकारली होती. कारण शस्त्रे हे आहे. शस्त्रांचा प्रश्न सुटला तर युद्ध नाही.

पुढे काय झाले ते पाहा. १ मार्चला इराकने आपली अल-समूद क्षेपणास्त्रे निरीक्षकांच्या देखरेखीखाली नष्ट करायला सुरुवात केली. ७ मार्चला ब्लिक्स यांनी सुरक्षा परिषदेला सांगितले की उरलेले काम संपवायला वर्षे लागणार नाहीत, आठवड्यांतही ते होणार नाही, काही महिने लागतील. त्याच दिवशी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे प्रमुख मोहम्मद अल बरादेई यांनी सांगितले की नायजरमधून युरेनियम घेतल्याचा पुरावा म्हणून दाखवलेले कागद अस्सल नाहीत, आणि इराकने अण्वस्त्र कार्यक्रम पुन्हा सुरू केल्याचा पुरावा मिळालेला नाही.

शस्त्रे हेच ज्याचे कारण आहे, ते सरकार या ठिकाणी काय करील? सावध राहील, दबाव कायम ठेवील, पण निरीक्षकांना ते काही महिने देईल. तसे झाले नाही. १८ मार्चला निरीक्षकांना इराक सोडावा लागला आणि २० मार्चला आक्रमण सुरू झाले.

महिने का दिले गेले नाहीत, याचे उत्तर कागदपत्रांत सापडते. २३ जुलै २००२ रोजी, म्हणजे पुस्तिका निघण्याच्या दोन महिने आधी, पंतप्रधानांच्या निवासस्थानी बैठक झाली. तिचे टिपण २००५ मध्ये फुटले. वॉशिंग्टनहून परतलेल्या ब्रिटिश गुप्तचर प्रमुखांनी त्या बैठकीत सांगितले होते की तिथे लष्करी कारवाई अटळ मानली जात आहे आणि माहिती व तथ्ये धोरणाला जुळतील अशी बसवली जात आहेत. पाच दिवसांनी ब्लेअर यांनी अध्यक्ष बुश यांना पाठवलेल्या टिपणाची सुरुवातच ‘काहीही झाले तरी मी तुमच्यासोबत आहे’ अशा अर्थाच्या आश्वासनाने झाली होती. निकाल आधी लिहून ठेवायचा आणि मग साक्षीदार बोलवायचे, असा हा न्यायालयाचा कारभार होता. पुढे वाळवंटात सैन्याची जमवाजमव झाली, उन्हाळा जवळ आला, आणि तपासणीच्या गतीपेक्षा सैन्याचे वेळापत्रक वरचढ ठरले.

आणखी एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. निरीक्षकांना काही सापडले तर तो शस्त्रे असल्याचा पुरावा ठरत होता, आणि सापडले नाही तर तो लपवल्याचा. इराकने डिसेंबर २००२ मध्ये सुमारे १२,००० पानांचे निवेदन दिले. ते अपुरे होते, हेही खरे. पण जी वस्तू नाही ती नाही, हे सिद्ध कसे करायचे? कोणत्याही पुराव्याने खोडता येणार नाही असे विधान अधिक मजबूत आहे, असे वरवर वाटते. प्रत्यक्षात ते तपासणीच्या बाहेर गेलेले असते. जे तपासता येत नाही त्यावर माणसे मारण्याचा निर्णय आधारणे हा मोठा अनर्थ आहे.

२००४ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्याच शोधपथकाने, चार्ल्स ड्युएल्फर यांच्या अहवालात, सांगून टाकले की इराककडे अस्त्रांचे साठे नव्हते. कारण नाहीसे झाले, युद्ध थांबले नाही. आता लोकशाही, स्वातंत्र्य आणि जुलमी सत्तेपासून मुक्ती ही कारणे पुढे आली. इराकमधील सामूहिक कबरी खऱ्या होत्या. त्या जनतेच्या यातनांविषयी वर्षानुवर्षे कळकळीने बोलणारे लोक युद्धाच्या बाजूनेही होते आणि त्यांच्या हेतूवर मी शंका घेत नाही. पण हे कारण युद्धाच्या आधी मुख्य कारण म्हणून जनतेपुढे ठेवून त्यावर कौल घ्यायला हवा होता. तसा तो घेतला गेला नाही. कारण स्वसंरक्षण किंवा सुरक्षा परिषदेची संमती याखेरीज बळाचा वापर संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत बसत नाही, आणि केवळ राजवट बदलण्यासाठी ब्रिटिश जनता मुलांना रणांगणात पाठवायला तयार झाली असती का, याचीही खात्री नव्हती.

आतली माहिती असलेल्यांचा मतभेद

‘आम्हाला माहीत आहे ते तुम्हाला माहीत असते, तर तुम्हीही हेच म्हटले असते.’ युद्धाच्या वेळी सरकारांकडून हे वाक्य नेहमी ऐकू येते. इराकच्या बाबतीत ते खरे होते का, हे आज आपल्याला तपासता येते. ज्यांना माहीत होते त्यांच्यातच मतभेद होते.

ब्रिटिश संरक्षण खात्याच्या गुप्तचर विभागात रासायनिक व जैविक अस्त्रांचे विश्लेषण करणाऱ्या शाखेचे प्रमुख डॉ. ब्रायन जोन्स यांनी पुस्तिकेतील ठाम भाषेवर लेखी आक्षेप नोंदवला होता. लोकांना तो कळला पुढच्या वर्षी, चौकशीत. अमेरिकेत ॲल्युमिनियमच्या नळ्यांवरून वाद होता. त्या अण्वस्त्रांसाठी आहेत असे जाहीर सांगितले जात होते, पण अमेरिकेच्या ऊर्जा खात्यातील तज्ज्ञांच्या मते त्या साध्या रॉकेटांसाठी होत्या. परराष्ट्र खात्याच्या विश्लेषण विभागानेही आपली असहमती नोंदवून ठेवली होती.

कायद्याचेही तसेच. ब्रिटनचे ॲटर्नी जनरल लॉर्ड गोल्डस्मिथ यांनी ७ मार्चला पंतप्रधानांना दिलेल्या १३ पानी सल्ल्यात शंका होत्या. सुरक्षा परिषदेचा दुसरा ठराव मिळवणे हा अधिक सुरक्षित मार्ग, असे त्यात म्हटले होते. १७ मार्चला पार्लमेंटपुढे आलेल्या छोट्याशा उत्तरात त्या शंकांचा मागमूस नव्हता. परराष्ट्र खात्याच्या विधी उपसल्लागार एलिझाबेथ विल्म्सहर्स्ट यांना हे युद्ध बेकायदा वाटत होते. तीन दशकांची नोकरी त्यांनी सोडली. कॅथरिन गन ही सरकारी संदेश-टेहळणी केंद्रातली तरुण अनुवादक. सुरक्षा परिषदेतील सदस्य देशांच्या प्रतिनिधींचे बोलणे चोरून ऐकण्याविषयीचा संदेश तिने उघड केला. तिच्यावर खटला भरला गेला आणि फेब्रुवारी २००४ मध्ये सरकारी पक्षाने तो मागे घेतला.

यातून मला एवढेच सांगायचे आहे की गुप्त माहिती म्हणजे एकमुखाने बोलणारे सत्य नव्हे. तिच्यातही वाद असतो. जनतेसमोर येते ती वादातली एक बाजू, आणि दुसरी बाजू गुप्ततेच्या शिक्क्याखाली राहते. म्हणून जाहीर मतभेदाला अज्ञानाचा कोलाहल समजणे चूक आहे. सरकारच्या घरात जो प्रश्न दाबला गेला तोच प्रश्न रस्त्यावरचा नागरिक विचारत असतो.

रस्ता आणि सभागृह

१५ फेब्रुवारी २००३ रोजी जगातील शेकडो शहरांत लोक रस्त्यावर उतरले. लंडनमध्ये पोलिसांच्या अंदाजाप्रमाणे साडेसात लाख माणसे होती. संयोजकांचा आकडा त्याहून बराच मोठा होता. त्या गर्दीत कधीही मोर्चात न गेलेली कुटुंबे होती. त्यांच्याजवळ गुप्त कागद नव्हते. ‘निरीक्षकांना वेळ का देत नाही?’ हा साधा प्रश्न त्यांच्याजवळ होता. आज चिलकॉट अहवाल वाचताना दिसते की नेमका तोच प्रश्न बरोबर होता. शांततेचे पर्याय संपलेले नव्हते आणि त्या वेळी लष्करी कारवाई हा शेवटचा उपाय नव्हता, हा त्या अहवालाचा निष्कर्ष आहे.

१७ मार्चला रॉबिन कुक यांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. ते माजी परराष्ट्रमंत्री आणि त्या वेळी सभागृहाचे नेते होते. त्यांच्या भाषणात ना शिवीगाळ होती ना पक्षद्रोह. सद्दामचे सैन्य इतके दुबळे आहे की युद्ध काही दिवसांत संपेल असे म्हणायचे, आणि तो इतका धोकादायक आहे की थांबता येत नाही असेही म्हणायचे, ही दोन विधाने एकत्र कशी नांदतील, असा त्यांचा सवाल होता. इराकजवळ सामान्य अर्थाने ज्याला संहारक अस्त्र म्हणतात ते बहुधा नाहीच, हेही त्यांनी सांगितले. टाळ्या वाजवण्याची प्रथा नसलेल्या त्या सभागृहात सदस्यांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी, १८ मार्चला, मतदान झाले. युद्धाचे कारण अजून सिद्ध झालेले नाही, ही दुरुस्ती ३९६ विरुद्ध २१७ मतांनी फेटाळली गेली. तिच्या बाजूने सत्ताधारी मजूर पक्षाचेच १३९ खासदार होते. मूळ ठराव ४१२ विरुद्ध १४९ मतांनी संमत झाला. पण मतदान झाले तेव्हा सैन्य सीमेवर उभे होते. फौज रणांगणाच्या तोंडाशी नेऊन मग प्रतिनिधींना मत विचारले, की प्रश्न बदलतो. ‘कारण खरे आहे का?’ हा प्रश्न मागे पडतो आणि ‘आपल्या जवानांच्या पाठीशी आहात का?’ हा पुढे येतो. या दुसऱ्या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणारा माणूस कुठे सापडणार? म्हणून मतभेदाची खरी वेळ आधीची, सैन्य हलण्याच्या आधीची असते.

अमेरिकेत मतभेदाची किंमत वेगळ्या रीतीने मोजावी लागली. काँग्रेसने ऑक्टोबर २००२ मध्येच अध्यक्षांना अधिकार देऊन टाकले होते. सीनेटमध्ये ७७ विरुद्ध २३. पुढे फेब्रुवारीत वयोवृद्ध सीनेटर रॉबर्ट बर्ड यांनी खंत बोलून दाखवली की एवढे मोठे युद्ध दाराशी असताना हे सभागृह गप्प आहे. मार्चमध्ये डिक्सी चिक्स या गायिकांनी लंडनच्या मैफलीत आपल्या अध्यक्षांविषयी लाज वाटते असे म्हटले, तर अनेक रेडिओ केंद्रांनी त्यांची गाणी बंद केली. विरोधकाचा मुद्दा खोडण्याऐवजी त्याच्या देशप्रेमावरच प्रश्नचिन्ह लावले, की मुद्दा तसाच उरतो आणि ऐकणारे घाबरतात.

मतभेद करणाऱ्याची जबाबदारी

कसोटी सरकारला लावायची तर ती विरोधकालाही लागते. २९ मे २००३ च्या सकाळी बीबीसीचे पत्रकार अँड्र्यू गिलिगन यांनी नभोवाणीवर बातमी दिली. पुस्तिका रंगवून मांडली गेली, हा तिचा गाभा होता आणि पुढील चौकशांनी त्याला बराच आधार दिला. पण ४५ मिनिटांचे विधान चुकीचे आहे हे सरकारला बहुधा माहीत होते, असेही ते बोलून गेले. त्या वाक्याला पुरेसा आधार नव्हता. सरकारने तेच धरले. वाद शस्त्रांवरून निघून बीबीसीवर गेला. त्यांचे सूत्र असलेले शास्त्रज्ञ डॉ. डेव्हिड केली यांचे नाव बाहेर आले आणि जुलैमध्ये त्यांचा करुण अंत झाला. त्या मृत्यूची चौकशी करणाऱ्या जानेवारी २००४ च्या हटन अहवालानंतर बीबीसीच्या अध्यक्षांना आणि महासंचालकांना पायउतार व्हावे लागले.

सरकारने संशयाची खात्री केली म्हणून आपण त्याला दोष देतो. मग आपणही आपल्या संशयाला खात्रीचे रूप देता कामा नये. विरोधकाच्या हातात सत्ता नसते, सैन्य नसते, गुप्त कागद नसतात. अचूकपणा एवढीच त्याची ताकद असते आणि एका फुगवलेल्या वाक्याने ती जाते.

ही भूमी आपल्याला परकी नाही

कुणी म्हणेल, बगदाद आणि लंडनच्या या गोष्टी आपल्याला कशाला? इराकच्या मातीत महाराष्ट्राचे रक्त आहे, म्हणून. पहिल्या महायुद्धात, नोव्हेंबर १९१४ मध्ये, ब्रिटिश हिंदुस्थानची फौज इराणी आखाताच्या टोकाशी फाव येथे उतरली. तेलसाठ्यांचे आणि बसऱ्याच्या परिसरातील हितसंबंधांचे रक्षण हे कारण होते. ते काम लवकर साधले. मग कारण बदलले. आता बगदाद जिंकायचे होते. सहावी पुणे डिव्हिजन तैग्रिस नदीच्या काठाने वर सरकत गेली, नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफोनला अडली, मागे फिरली आणि कुत-अल-अमारा येथे वेढ्यात सापडली. सुमारे पाच महिन्यांच्या वेढ्यानंतर आणि उपासमारीनंतर २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० सैनिकांनी शरणागती पत्करली. त्यांत बहुसंख्य हिंदी होते आणि मराठा पलटणींचे जवान होते. अनेकजण कैदेतच संपले.

त्या मोहिमेचीही चौकशी झाली. १९१७ मध्ये मेसोपोटेमिया आयोगाचा अहवाल आला, हिंदुस्थान सरकारवर कडक ताशेरे ओढले गेले आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. त्याच वर्षी बगदाद घेणाऱ्या जनरल मॉड यांनी तिथल्या लोकांना जाहीर केले की आम्ही जेते म्हणून आलेलो नाही, मुक्तिदाते म्हणून आलो आहोत. तीनच वर्षांनी, १९२० मध्ये, इराकी जनता त्या मुक्तिदात्यांविरुद्ध उठली. बसऱ्याचे रक्षण, मग बगदादचा विजय, मग मुक्ती : कारणे बदलत गेली आणि फौज पुढे जात राहिली. साताऱ्याच्या आणि कोकणच्या ज्या घरांतून जवान गेले, त्या घरांना यातल्या एकाही कारणाविषयी कुणी विचारले नव्हते. त्यांना मताचा अधिकारच नव्हता. आज आपल्याला आहे, आणि तो न वापरणे हा त्यांच्या मरणाचा अपमान होईल.

स्वतंत्र भारताने याबाबतीत काही चांगले पायंडे पाडले आहेत. १९६२ मध्ये चिनी फौजा आपल्या भूमीवर असताना जनसंघाचे तरुण खासदार अटलबिहारी वाजपेयी यांनी संसदेचे अधिवेशन तातडीने बोलावण्याचा आग्रह धरला. पंतप्रधान नेहरूंनी ८ नोव्हेंबरला ते बोलावले आणि चर्चा बंद दाराआड घ्यावी ही सूचना नाकारली. सरकारवर कडाडून टीका झाली आणि देश दुबळा झाला नाही. याच वाजपेयींचे सरकार २००३ मध्ये होते. एप्रिलमध्ये लोकसभेने इराकवरील आक्रमणाविरुद्ध एकमताने ठराव केला. अमेरिकेला इराकमध्ये भारतीय फौज हवी होती, देशात त्यावर महिनाभराहून अधिक काळ उघड वाद झाला, आणि १४ जुलै २००३ रोजी सरकारने फौज न पाठवण्याचा निर्णय जाहीर केला. त्या वादाने किती भारतीय घरांतला आकांत टळला, हे मोजण्याचे साधन नाही. पण तो टळला.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९६२ च्या पराभवाची चौकशी करणाऱ्या हेंडरसन ब्रुक्स-भगत अहवालाविषयी संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी १९६३ मध्ये संसदेत निवेदन केले, पण मूळ अहवाल सरकारने अधिकृतपणे प्रसिद्ध केलेला नाही. कारगिलनंतर के. सुब्रह्मण्यम समितीचा अहवाल काही भाग वगळून का होईना, लवकरच संसदेसमोर आला. यातला दुसरा मार्ग बलवान राष्ट्राचा आहे.

मतभेदाने काय साधते?

निराश झालेले लोक विचारतात : एवढे मोर्चे निघाले, राजीनामे झाले, भाषणे झाली, पण युद्ध तर झालेच. १७९ ब्रिटिश सैनिक गेले, सुमारे साडेचार हजार अमेरिकी गेले आणि चिलकॉट यांच्याच म्हणण्याप्रमाणे २००९ पर्यंत किमान दीड लाख इराकी मेले. मग मतभेदाचा उपयोग काय?

उपयोग झाला, पण उशिरा. त्या आधी ब्रिटनमध्ये युद्धासाठी पार्लमेंटचे मत घेणे पंतप्रधानावर बंधनकारक मानले जात नव्हते. असे मत घेण्याचा पायंडा २००३ च्या वादाने पडला. तो पाडण्यात रॉबिन कुक यांचा मोठा वाटा होता. २९ ऑगस्ट २०१३ रोजी सीरियावर लष्करी कारवाईचा प्रस्ताव त्याच सभागृहात आला तेव्हा तो २८५ विरुद्ध २७२ मतांनी पडला. चर्चेत इराकचे नाव पुन्हा पुन्हा निघाले. लोकप्रतिनिधींनी पुरावा मागितला, निरीक्षकांना वेळ द्या म्हटले, आणि पंतप्रधान कॅमरून यांनी कौल मान्य केला. तो निर्णय योग्य होता की नाही, यावर प्रामाणिक मतभेद आहेत. रासायनिक हल्ल्यात मेलेल्या सीरियन मुलांचा विसर मलाही पडलेला नाही. पण निर्णय घेण्याची रीत बदलली होती. आणि चिलकॉट चौकशी झाली ती तरी का? मृत सैनिकांच्या आईबापांनी पिच्छा सोडला नाही म्हणून. इराकमध्ये मुलगा गमावलेले रेग कीज २००५ च्या निवडणुकीत पंतप्रधानांच्याच मतदारसंघात त्यांच्याविरुद्ध उभे राहिले. ते हरणार होते आणि हरले. त्यांचा प्रश्न मात्र हरला नाही.

मित्रहो, परकी फौज आपल्या सीमेत घुसते तेव्हा कारण सगळ्यांना दिसते. तिथे पुस्तिका छापाव्या लागत नाहीत. मी बोलतो आहे ते निवडलेल्या युद्धांविषयी. तसे युद्ध कोणत्याही देशाने, कोणत्याही पक्षाच्या सरकारने पुढे मांडले, तर नागरिकाने तीन प्रश्न विचारावेत. पहिला : जे सांगता आहात त्यातले किती माहीत आहे आणि किती वाटते आहे? दुसरा : तुमच्याच तज्ज्ञांपैकी कोण असहमत आहे आणि का? तिसरा, सर्वांत महत्त्वाचा : हे कारण खोटे ठरले किंवा दुसऱ्या उपायाने मिटले, तर तुम्ही थांबाल का, आणि ते ठरवण्याची मुदत कोण आखणार, निरीक्षक की सेनापती?

या प्रश्नांची सरळ उत्तरे देणाऱ्या सरकारच्या पाठीशी उभे राहताना नागरिकाला संकोच वाटणार नाही, आणि त्याच्या हुकमावरून लढणाऱ्या जवानाला आपण कशासाठी मरतो आहोत याविषयी फसवले गेल्याचे दुःख होणार नाही. उत्तरे टाळणाऱ्या सरकारला अडवणे हे त्याच जवानाचे रक्षण आहे. तो शिस्तीने बांधलेला असतो. हुकूम आला की त्याला प्रश्न विचारता येत नाही. त्याच्या वतीने प्रश्न विचारण्याचे काम आपल्याकडे आहे. ते सैन्य निघण्याच्या आधी, उघडपणे आणि अचूकपणे करावे, एवढेच सांगून मी आपली रजा घेतो.